रखमाजीची गेटवरची हजेरी

सोम. ४ मार्च १९५७, चिंचवड
नवा पक्षकार. रखमाजी, चिखलीचा. पिंपरीकडच्या एका फौंड्रीत बारा वर्षं भट्टीवर होता. शनिवारी मालकाने सांगितलं, म्हातारा झालास, सोमवारपासून येऊ नको. नोटीस नाही, कागद नाही. वय विचारलं तर म्हणतो, "पिलेगात आय गेली तवा मी अंगावर पीत हुतो." प्लेग सत्त्याण्णवचा, म्हणजे साठ धरू. डावा हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेला.
त्याचा मुलगा मारुती तिथेच मुकादम आहे. मी म्हटलं, गेल्या साली नवा कायदा झालाय, म्हाताऱ्या आईबापांना मुलाने पोसलंच पाहिजे. पोटगीचा अर्ज करू, सोपं पडेल. ताडकन उठला.
"पोराच्या तुकड्यावर जगायचं आसतं तर तुमच्याकडं कशाला आलो आसतो? मला भट्टी पायजे."

बुध. ६
र.ला सल्ला दिला: रोज सकाळच्या भोंग्याला गेटवर हजर राहा. नाहीतर कोर्टात म्हणतील, हाच काम सोडून गेला. शिवाय एकट्याची तक्रार टिकत नाही, बरोबरच्या कामगारांचे अंगठे लागतात. रोज डोळ्यांसमोर दिसलास तर देतील.
सल्ला बिनचूक आहे. कायद्याला धरून.

शुक्र. ८
गेटवर मारलं त्याला. दोन दरवान आणि तिसरा एक. ओठ फाटलाय, कानातून रक्त. पोट धरून माझ्या बाकावर बसला होता.
"तिसरा कोण?"
माझ्या बायकोने, सुमतीने, पाणी दिलं, ते प्यायला आणि म्हणाला, "आमचंच रगत."
मारुती. बापाच्या पोटात बुटाने.
चौकीत घेऊन गेलो. हवालदार म्हणाला, "बापलेकाचं भांडण हाय, वकीलसाहेब. घरात मिटवा." लिहून घेतलं नाही.
मी र.ला म्हटलं, उद्या जाऊ नका. तो म्हणाला, "तुमीच म्हणला न्हवं का, येक दिस चुकला तर केस गेली?"
म्हणालो होतो.

मंगळ. १२
आज तो गेटच्या गजांना धरून उभा राहिला. दरवानाने आतून दार जोरात ओढलं. उजव्या हाताची दोन बोटं चेचली. पहिल्या शिफ्टची पन्नास माणसं बाजूने आत गेली, कोणी थांबलं नाही.
बोटं बांधून घेतली. एक राहील, एक नाही, असं डॉक्टर म्हणाले.
अंगठे अजून शून्य. र. हसून म्हणाला, "माझाच अंगठा ऱ्हाईला बगा शाबूत."
मला हसू आलं नाही. पोटगीचा विषय परत काढला. तो उठून चालू लागला.

शनि. १६
माझ्या डाव्या हाताला लाकडी फळ्या बांधल्यात. लिहिता येतंय तेवढं लिहितो.
आज बरोबर गेलो. वकील समोर असताना हात टाकणार नाहीत असं वाटलं होतं. मूर्ख मी. पहिली काठी माझ्याच हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ मागाहून. खाली पडलो. एकाचा पंजा तोंडावर आला, त्याला चावलो. सोडलाच नाही. तो ओरडत होता आणि मला आणखी जोरात चावावंसं वाटत होतं. सुमतीला हे सांगितलेलं नाही.
र. माझ्या अंगावर पालथा पडला. पुढचे फटके त्याच्या पाठीवर.
मारुती हातात छडी घेऊन चार पावलांवर उभा. मालक वरच्या खिडकीतून ओरडला, "थांबलास का रे?" तरी तो उभाच.

सोम. १८
अकरा अंगठे. दुपारच्या सुट्टीत माणसं एकेक करून आली, एकमेकांकडे न बघता शाई लावली आणि गेली. एक म्हणाला, "तुमचा हात मोडला म्हणून आलो न्हाई. म्हातारा पडला आन् परत हुबा ऱ्हायला, म्हणून आलो."
कामावर परत घ्यायचा अर्ज होईल. पण मारहाण मालकाच्या हुकुमाने झाली याला माझ्या ऐकण्याखेरीज पुरावा नाही.

बुध. २०
दुपारी मारुती आला. सदऱ्यावर रक्त, त्याचं नव्हे. मागचं दार लावून घेतलं.
"सकाळी मालक म्हणला, म्हाताऱ्याचा पाय मोड, कटकट मिटंल. सळई दिली हातात. मी ती त्याच्याच गुडघ्यावर घातली."
"आणि बापाच्या पोटात लाथ घातलीस, ती?"
"ती बी घातली." मान खाली. "नोकरी जाईल म्हणला हुता."
सगळं लिहून द्यायला तयार आहे: हुकूम कोणी दिला, कधी, काय शब्दांत. असा साक्षीदार मिळत नाही. त्याच्या जबानीवर र.ची केस उभी राहते. आणि त्याच जबानीने हा स्वतः आत जातो, बापाला मारल्याबद्दलही. हे त्याला समजावून सांगितलं. म्हणाला, "ठावं हाय."
लिहून घेतलं. पोलीस त्याला शोधताहेत.

शुक्र. २२
र.ला बोलावलं. मारुती आतल्या खोलीत होता, बाहेर आला. र.ने डाव्या हाताने काठी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दात पडला. मारुतीने हात वर केला नाही. मीही अडवलं नाही. अडवायला हवं होतं.
मग र. दम लागून बसला. मी कागद वाचून दाखवला.
"ह्यो कागद दिला तर ह्याला काय व्हईल?"
"तुरुंग. मालकाला मारल्याचा वेगळा, तुम्हाला मारल्याचा वेगळा."
"आन् न्हाई दिला तर मला?"
"भट्टी मिळणं कठीण."
मग र. उठला, मुलाला म्हणाला, "त्वांड धू." आणि मला, "मी येतो. सकाळी भोंगा हाय."
"गेटवर? अजून?"
"मंग? तुमीच सांगितलंय."
कागद टेबलावर आहे. खाली मारुतीची वेडीवाकडी सही. अर्ज सोमवारी दाखल करायचा, हा कागद जोडून किंवा न जोडता. र.ने हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मारुती आतल्या खोलीत गुळण्या करतोय.