पत्ता मीच दिला

दादा,

बाबा घसरून पडले, असं आईने तुला कळवलं असेल. खोटं आहे ते.

आमच्या वयाच्या पोरापोरींचा एक ग्रुप आहे. घरच्या मोठ्यांनी मारलेल्याचे वळ तिथे दाखवायचे. नियम एकच, आपल्या पिढीतल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. मी पाठीवरचे पट्ट्याचे वळ टाकले आणि मारणारे म्हणून बाबांचं नाव लिहिलं. तुझं लिहिलं असतं, तर पोस्ट उडवली असती. हजारभर जण म्हणाले, "ताई, आम्ही आहोत ना." इतक्या मायेने आपल्या घरात मला कुणी कधी विचारलं होतं? मग एकाने बाबांच्या इस्त्रीच्या दुकानाचा पत्ता मागितला. दिला मी.

चौघे गेले. बाबा कुणाचातरी कोट इस्त्री करत होते. दोघांनी त्यांना टेबलावर दाबून धरलं आणि तिसऱ्याने तीच तापलेली इस्त्री त्यांच्या उजव्या हातावर आपटली, बोटांचा चेंदा होईपर्यंत. चौथ्याने काढलेला व्हिडिओ मी पाहिला. "मी नाही मारलं" असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत.

दवाखान्यात मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "पोरांनी चुकीचा माणूस नाही धरला गं. दादा तुला मारत होता, तेव्हा मी दारात उभा राहून चहा पीत होतो."

हे पत्र मी टाकणार नाही. तुझा नवा पत्ता आहे माझ्याकडे. पण ते चौघे रोज विचारतात, "ताई, अजून कोणी?"

तुझा पट्टा जपून ठेवलेली,
धाकटी