रविवारचा डबा

आई, फिल्ममध्ये तुझं काम करणारी बाई मी पाहिली. तुझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच, हात मऊ, आणि साडी इतकी कडक इस्त्रीची की तू तिला आधी भांडी घासायला बसवलं असतंस. झालं असं की माझ्यावर एक डॉक्युमेंटरी होते आहे. परिस्थितीशी झगडून मोठी स्वप्नं बघणाऱ्या माणसांवर फिल्म करणारा एक दिग्दर्शक आहे. चाकणच्या कंपनीत ब्रेकचे भाग तपासणारी बाई सुट्टी काढून हिमालयात चढायला जाते, हे त्याला कुणीतरी सांगितलं. आमच्या साहेबांनाही कल्पना आवडली. फिल्म चांगली झाली तर पुढच्या मोहिमेचा खर्च आणि भरपगारी रजा कंपनी देईल, असं ते तोंडी म्हणाले आहेत. तोंडी म्हटल्यावर तू कसं नाक मुरडलं असतंस ते मला ठाऊक आहे.

दिग्दर्शकाचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, तुमच्या स्वप्नाच्या आड कोण आलं?" मी म्हटलं, आई. त्याचा चेहरा खुलला. असल्या फिल्मला कुणीतरी आडवं येणारं लागतंच, नाहीतर ती अळणी होते. मग मी त्याला सगळं सांगितलं. आपण बीडकडून इकडे आलो ते, बाबा एका कारखान्याच्या शेडवर पत्रे बसवताना वरून पडून गेले ते, आणि त्यानंतर तू काळेवाडीच्या दोन खोल्यांत खानावळ काढलीस ते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. तू तर ताकाच्या भांड्याकडे बघायलाही तयार नव्हतीस. मी कंपनीतल्या मुलामुलींबरोबर मावळातले कडे चढायला लागले, तेव्हा तू एकदाच बोललीस, पण कायमचं बोललीस. "कंपनीत जातीस त जा, डबा देते. डोंगरावर जायचं आसल त तुजं तू बघ. वरून पडलेलं एक माणूस उचललंय म्या, दुसरं न्हाई उचलायची."

ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. सकाळची वेळ आहे, खाटेवर डब्यांची रांग लागली आहे, तू भाकरी थापते आहेस आणि फर्स्ट शिफ्टची पोरं दारात चपला न काढताच हात पुढे करताहेत. रविवारी ओव्हरटाइमवाले येतात, त्यांचेही डबे भरलेले असतात. मी दोर खांद्याला अडकवून त्या रांगेवरून नजर फिरवते. माझा डबा त्यात नाही. तू माझ्याकडे पाठ करून उभी आहेस, आणि तुझी पाठही बोलू शकते हे मला त्याच दिवसांत कळलं. कड्याखाली बसून बाकीचे डबे उघडायचे तेव्हा मी आदल्या दिवशीचा पाव खायचे. त्यातला एक जण नेहमी म्हणायचा, "खानावळवालीची पोरगी आणि उपाशी, काय राव!" मी हसायचे. राग यायचा, आणि तो सगळा तुझाच यायचा.

हिमालयातलं पहिलं शिखर करून मी आले तेव्हा तू मेथी निवडत होतीस. नाकावरची कातडी सोललेली, ओठ फुटलेले, अशी मी दारात उभी. तू वर बघितलंस, माझे दोन्ही हात, दोन्ही पाय डोळ्यांनी तपासलेस आणि म्हणालीस, "आलीस का? कुकर लाव." दिग्दर्शक हे ऐकून म्हणाला, "पण शेवटी तरी त्यांनी होकार दिला असेल ना?" मी म्हटलं, नाही. "मनातून तरी?" मी म्हटलं, तिनं मनातलं कधी मनात ठेवलंच नाही, जे होतं ते तोंडावर. दवाखान्यात शेवटचे दिवस चालले होते तेव्हासुद्धा मला म्हणालीस, "आता तरी सोड ते." मी सोडते म्हणाले नाही, आणि तू बरं म्हणाली नाहीस.

तर परवा त्यानं पिंपळे सौदागरच्या त्याच्या ऑफिसात मला कच्ची फिल्म दाखवायला बोलावलं. साहेबही आले होते. सगळं ठीक चाललं होतं, आणि एकदम पडद्यावर ती बाई आली. पहाट, चूल (आपल्याकडे चूल कधी होती?), बासरी वाजते आहे. बाहेर मुलगी बुटांची नाडी बांधते, आणि बाई डोळे पुसत भाकरी-चटणीचा डबा भरून तिला कळू न देता तिच्या पिशवीत ठेवते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाट्यरूपांतर असं लिहिलेलं. साहेब चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

मी म्हटलं, हे काढा. दिग्दर्शक समजावायला लागला, "ताई, लोकांना आई कळायला पाहिजे." साहेब म्हणाले, "मॅडम, वाईट कुठं दाखवलंय? चांगलीच दाखवलीय की. आणि वरच्यांना हाच सीन आवडणार बघा." मला मोहिमेची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण तू लपवून डबा दिला असतास, तर तुझं नको म्हणणं लटकं ठरलं असतं, आणि ते लटकं नव्हतं. बाबांना खाली पडलेलं बघून आलेलं ते नको होतं. तुझ्याएवढ्या भीतीनं मला आजवर कुणी अडवलेलं नाही. आता जो तो म्हणतो, जा, तुम्ही करणारच. मी त्यांना म्हटलं, माझ्या आईनं मला कधीच जाऊ दिलं नाही, मी तरीही गेले, आणि दोघी एकाच घरात राहिलो. दाखवायचं तर एवढंच दाखवा.

सीन निघाला. त्याच्या जागी आता मी नुसती खुर्चीत बसून बोलते. साहेब नीट बोलत नाहीत, रजेचं विचारलं की बघू म्हणतात. मोहीम होईल की नाही माहीत नाही, पण फिल्ममध्ये तू आहेस तशी आहेस. हे लिहिलेलं कुठे टाकायचं ते कळत नाही, तेव्हा घरातच राहील.

एक मात्र झालं. काढलेला तो तुकडा मी दिग्दर्शकाकडून मोबाइलवर मागून घेतला, उगाच, आठवण म्हणून, असं सांगून. दुपारी कँटीनमध्ये एकटी असले की लावते. ती बाई पिशवीत डबा ठेवते तिथपर्यंत बघते, आणि पुन्हा पहिल्यापासून लावते.