डेल्विनरावांच्या गोलासाठी सोडलेला चहा

थेरगाव,
शनिवार, दुपार

प्रिय चांदभाई,

बबनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. गुडघा कसा आहे? रोशनभाभींचा खोकला थांबला का? निघोज्याला तुझ्या नुमानच्या गॅरेजवर बसून तू गिऱ्हाइकांना आपल्या शाळेतल्या कविता ऐकवतोस आणि त्यामुळे गाड्या लवकर दुरुस्त होतात, असं कळलं. (गिऱ्हाईक पळून जाऊ नये म्हणून नुमान घाई करतो, असं आमचा सुजित म्हणतो. चाकणच्या कंपनीत दिवसभर मशीनचा आवाज ऐकणाऱ्याला कवितेतलं काय कळणार!) इकडे मी ठीक आहे. चहाशिवाय माणूस जितका ठीक असू शकतो, तितका.

तू म्हणशील, डॉक्टरांनी चहा बंद केला. डॉक्टरांची काय बिशाद! मी चहा सोडला तो डेल्विन क्रॉस्डेल नावाच्या माणसासाठी. हा मूळचा जमैकाचा, इंग्लंडातल्या एका क्लबाकडून फुटबॉल खेळतो. काम एकच, पुढे उभं राहून गोल करायचा. सुजितने खेळाचं चॅनेल घेतलंय, त्यावर एका शनिवारी संध्याकाळी तो मला पहिल्यांदा दिसला. तिकडे भुरभुर पाऊस, अंगाला झोंबणारी थंडी, आणि हा हात बाह्यांत ओढून समुद्राकडे बघत उभा. (तिथून समुद्र दिसत नाही, हे सुजितने नंतर सांगितलं. मला दिसला होता.) चांदभाई, मला एकदम आपण आठवलो. केजहून ट्रकमध्ये बसून आलो, तेव्हा पिंपरीच्या बाजारात आपणही असेच उभे होतो आणि तू भीती घालवायला मोठ्याने कविता म्हणत होतास. लोकांना वाटलं, औषध विकतोय. डेल्विनने त्याच संध्याकाळी गोल केला आणि मी त्याचा झालो.

त्यानंतर मात्र त्याचा गोलच होईना. तिथली रीत आपल्या कारखान्यासारखीच आहे रे, फक्त बूट महाग. मॅनेजर बदलला की जुन्या मॅनेजरची माणसं नालायक. नव्याने आल्या आल्या ह्याला बाकावर बसवलं. (आपल्याला बसवलं असतं तर ले-ऑफ म्हणून अर्धा पगार दिला असता. तिथे पूर्ण पगार देतात आणि विश्रांती म्हणतात.) मग त्याला एका लहान क्लबाला हंगामापुरता उसना दिला. माणूस उसना! वाटीभर साखर द्यावी तसा! मी हे आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कळवळून सांगितलं, तर कुणाला काही नवलच वाटलं नाही. निम्मा कट्टा जन्मभर ठेकेदाराच्या हाताखाली या कंपनीतून त्या कंपनीत उसनाच गेलेला.

तरीही मी कट्ट्यावर त्याच्यावर केलेली कविता वाचली. 'दूर बेटाचा हा वीर, चिखलात उभा धीर' अशी सुरुवात होती. तेवढ्यात शालनबाई म्हणाल्या, "वीर कसला वो भाऊ, नुसता उभाच हाय की!" सगळा कट्टा हसला. मला राहवलं नाही. तिथल्या मारुतीसमोर हात पुढे करून सांगितलं, डेल्विन गोल करेपर्यंत चहा तोंडाला लावणार नाही. केवढ्या टाळ्या पडल्या! आपल्याकडे माणूस काहीतरी सोडतो म्हणाला की टाळ्या ठरलेल्या.

तेव्हापासून कट्ट्याशेजारच्या टपरीवर केसरबाई सगळ्यांना चहा देते आणि मला गरम पाणी. वर विचारते, "काका, झाला का न्हाई तुमचा गोल?" घरी तर रुक्मिणीबाई. लग्न झाल्यापासून माझ्या एका शब्दावर तिचा विश्वास नव्हता, नेमका या शपथेवर बसला. चहाविना सकाळी कविता म्हणायला घेतली की दुसऱ्या कडव्यातच माझा स्वतःचा डोळा लागतो.

मध्ये एकदा डेल्विनने गोल केला. मी खाली धावलो, केसरबाईचा पेला ओठांशी नेला, तोच सुजितचा फोन, "बाबा, रद्द झाला, ऑफसाइड. त्याचा खांदा पुढे होता." खांदा! केसरबाईने पेला हातातून काढून घेतला आणि कट्ट्यावरच्या बापूसाहेबांना दिला. पुढच्या सामन्यात तो मदतीला मागे आला आणि चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घालून बसला. कट्ट्यावर सभा भरली. मी म्हणालो, गोल तो गोल. रुक्मिणीबाई उठून म्हणाली, "स्वतःचं घर पेटवलं, तर त्याला दिवाळी म्हणायचं का?" ठराव माझ्याविरुद्ध, एकमताने. (माझाही हात वर होता. वाक्य फार सुंदर होतं.)

आता बातमी अशी, की डेल्विनरावांचं वय झालं, हंगाम संपला की ते गावी परत जाणार. आज शेवटचा सामना. तो गेला की माझा चहा जन्माचा गेला. पण मी खचलेलो नाही. त्यागात एक उंची असते, चांदभाई. हल्ली मला चहाची आठवणसुद्धा येत नाही.

तुझा,
बबन

ता. क. रुक्मिणीबाईला फोन कर आणि सांग की गुडघा फार दुखतोय, बबनला चार दिवस पाठवा. रोशनभाभींना आलं आणून ठेवायला सांग. शपथ थेरगावच्या मारुतीसमोर घेतली आहे, निघोज्याच्या मारुतीला त्यातलं काही ठाऊक नाही.

दुसरा ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. संध्याकाळ झाली आहे. डेल्विनने गोल केला! खरा, मान्य झालेला! समोरच्या गड्याने लाथाडलेला चेंडू ह्याच्या पाठीवर आपटून आत गेला. (हा तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधत होता.) कट्टा जमला, केसरबाईने पेला काठोकाठ भरला, मी तो उचलला. तेवढ्यात रुक्मिणीबाई पुढे झाली. म्हणाली, "मारुती यांच्या चहाला पावतो, हे आता दिसलंच. आमचा सुजित रोज चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. ती कोंडी सुटेपर्यंत आता यांनी चहा सोडावा." आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

तेव्हा पत्र मिळताच फोन कर. मात्र मी निघालो असं कळलं तरी आधण लगेच ठेवू नका. निघोज्याच्या वाटेत चाकणची तीच कोंडी आहे.