अट एकच, मुलं नकोत

चिलिकॉथी, ओहायो
२ ऑगस्ट २०१८

चि. ड्वाइट यास,
अ. उ. आ. आणि डोक्यावर एक टपली. वि. वि.

तुझं मे महिन्यातलं पत्र पोचलं होतं. उत्तराला एवढा उशीर झाला, त्याबद्दल ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे, कारण पुढचं वाचल्यावर तुला ओरडवणार नाही. डॅडींनी एकतीस वर्षं गावोगाव टपाल वाटलं, आणि त्यांची लेकरं ही अशी. फोन करणार होते. पण दोघंही रडलो असतो आणि कुणालाच काही कळलं नसतं.

माझ्या जिभेच्या डाव्या कडेला फोड आला होता, तुला लिहिलं होतं बघ. तो फोड नव्हता. कर्करोग आहे. लवकर सापडला म्हणतात. १९ सप्टेंबरला ऑपरेशन. जिभेचा डावा भाग काढतील, तिथे हाताचं मांस लावतील आणि मग सहा आठवडे किरणं देतील. जगण्याबद्दल डॉक्टरीणबाई बऱ्याच ठामपणे बोलल्या. चव राहील का असं विचारलं, तेव्हा मात्र त्या कागद चाळत बसल्या. चाळता चाळता म्हणाल्या की काहींची परत येते.

गेली एकोणीस वर्षं मी जत्रेतल्या जॅम-लोणच्यांच्या स्पर्धेची परीक्षक आहे. कुणाच्या काकडीत बडीशेप जास्त झाली, हे बरणीच्या पट्टीवरचं नाव न बघता सांगणारी बाई. यंदा मी खुर्ची सोडली. कारण विचारलं तर गुडघा दुखतो म्हणाले.

आता मुद्दा. तुझ्यापासून दीड तासावर ऑर्लँडोचं ते थीम पार्क. तिथे तळ्याभोवती खाण्याचा आणि वाइनचा मेळा भरतो, देशोदेशीची दुकानं, बशीत दोन घास, पेल्यात दोन घोट. ६ सप्टेंबर, गुरुवार. मला सगळं एकदा चाखून घ्यायचंय, आणि तू बरोबर हवास. अट एकच, मुलं नकोत. आयव्ही आणि टोबिन इथेच त्यांच्या बापापाशी, हॉलिसपाशी राहतील. फक्त मोठी माणसं, तू आणि मी. मागच्या वेळेसारखं मला नकोय.

येतो म्हणून लगेच कळव. लोभ आहेच, पण या वेळी तो कामालाही लाव.

तुझी,
कॉलीनताई

*

ओकाला, फ्लोरिडा
१० ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी तबेल्यामागे जाऊन बसलो. किती वेळ ते ठाऊक नाही, घोडीने नाल अर्धवट ठोकलेला पाय आपटला तेव्हा उठलो. तुझ्या नव्हे तर माझ्या जिभेला काही झालं असतं तर निदान गावाने मिठाई वाटली असती. हे विनोदाने लिहितोय, हसू मात्र येत नाही.

ऑपरेशनला मी नक्की येईन, लागेल तितके दिवस राहीन, हॉलिसला चालत असेल तर.

सहलीचं मात्र अवघड दिसतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन मोठ्या फार्मांवर नाल बदलायचे आहेत. शिवाय तेव्हाचं ऊन तू विसरलीस, डांबर वितळतं. त्यापेक्षा तू इकडे माझ्याकडे ये. मी मांगूर मासा तळतो, मक्याची भाकरी करतो, ओसरीवर बसू.

मुलं नकोत हे वाचलं. समजलं. तुझं बरोबरच आहे.

राग नसावा. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
ड्वाइट

*

चिलिकॉथी
१६ ऑगस्ट

ड्वाइट,

आशीर्वाद वगैरे या पत्रात नाहीत. नाल! तू मला नाल सांगतोस? घोडे आठ दिवस जुन्या नालांवर चालतील. माझं ऑपरेशन थांबणार नाही.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं का ते आठव. आई गेली तेव्हा तू दोन दिवस उशिरा आलास, मी काही बोलले नाही. डॅडींच्या दफनाच्या वेळी तू जे केलंस त्यावरही बोलले नाही. आता एकच दिवस मागतेय. तुझे तळलेले मासे मला प्रिय आहेत, पण ते मी चाळीस वर्षं खाल्लेत. जे कधीच खाल्लं नाही ते मला खायचंय. ग्रीसचं, मोरोक्कोचं, ज्याचं नाव घेता येत नाही तेही. पुढे नळीतून पेज घेत असेन तेव्हा आठवायला काहीतरी नको का?

काल शाळेच्या स्वयंपाकघरात टोमॅटोच्या सुपात मीठ बघायला चमचा तोंडात घातला आणि तिथेच उभी राहिले. बावीस वर्षं रोज करतेय ते. अजून किती वेळा करेन, याचा हिशोब मनात सुरू झाला. हाताखालच्या मुलींना वाटलं सूप बिघडलं.

तू येणार नसशील तर मीही जाणार नाही. एकटीने दोन घास खाऊन वा म्हणायचं तरी कुणाला?

कॉलीन

*

ओकाला
२३ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

नालांचं खोटं होतं. खरं सांगतो, पूर्ण वाच आणि मग फाडायचं तर फाड.

पाच वर्षांपूर्वी त्याच मेळ्यात आपण सगळे गेलो होतो. सातव्या की आठव्या दुकानापाशी मी कोसळलो. पार्कच्या चाकांच्या खुर्चीत घालून मला बाहेर नेलं, आणि मी रस्ताभर शिव्या देत होतो. आयव्ही आठ वर्षांची होती. माझा एक बूट पडला होता, तो ती दोन्ही हातांनी छातीशी धरून खुर्चीमागून येत होती. बाकीचं काही मला आठवत नाही, तो बूट आठवतो.

म्हणून तू मुलं नकोत म्हणालीस आणि मागच्या वेळेसारखं नको असं लिहिलंस, त्याचं मला वाईट वाटलं नाही. आई म्हणून तू तेच करायला हवंस.

पण ताई, गेल्या ४ डिसेंबरपासून मी एक थेंब घेतलेला नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चर्चच्या तळघरात आम्ही दारू सोडलेले लोक बसतो. लेमुएल म्हणून सत्तरीचा जुना ट्रकवाला आहे, जीव कासावीस झाला की त्याला फोन करायचा, तो कधीही उचलतो. तिथे न पिता काढलेल्या महिन्यांचं नाणं देतात, आठ महिन्यांचं माझ्या खिशात आहे. तुला सांगितलं नाही, कारण याआधी तीनदा सांगितलं आणि तीनदा मोडलं. चौथ्यांदा तू बरं म्हणाली असतीस आणि विश्वास नाही हे तुझ्या आवाजात ऐकू आलं असतं. वर्ष झालं की सांगणार होतो.

त्या तळ्याभोवती दर दहा पावलांवर दारू आहे, बर्फात ठेवलेली, हसत हसत देणारी पोरं. मला भीती वाटते. यायचं नाही असं नाही. आलो आणि तुझ्या शेवटच्या चवीच्या दिवशी पुन्हा खुर्चीतून बाहेर गेलो तर काय, याची भीती वाटते.

लोभ कमी झाला असेल तर मला नवल वाटणार नाही.

ड्वाइट

*

चिलिकॉथी
२९ ऑगस्ट

माझ्या गाढवा,
पुष्कळ आशीर्वाद. आधीच्या पत्रात दिले नव्हते, तेही यात धर.

पत्र टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलं. हॉलिस बाहेर आला, त्याला वाटलं हॉस्पिटलचं काही आलं.

आधी हे डोक्यात घाल की मुलं नकोत ते तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. आयव्ही हल्ली माझा प्रत्येक घास बघते. दुखतं का, दुखतं का. टोबिन काही विचारत नाही, नुसता पाव चावताना माझ्याकडे बघून हळू चावतो. घरात मी दिवसभर हसते. मला एक दिवस असा हवा की खाता खाता रडू आलं तर रडता येईल आणि समोर कुणी लहान नसेल. तू लहान नाहीस असं मी धरून चालले. आणि मागच्या वेळेसारखं म्हणजे, मागच्या वेळी टोबिनसाठी त्या उडत्या पाळण्याच्या रांगेत मी दोन तास उभी होते आणि दिवसभरात एक गार झालेला बटाटा खाल्ला! तुझी खुर्ची मी विसरले नाही, पण लिहिताना ती मनात नव्हती. माणसाने स्वतःला इतकंही महत्त्व देऊ नये.

आठ महिने. मी बरं म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, नुसती आनंदात आहे.

आता सहलीचं. ये असं म्हणायचा हक्क मला उरला नाही. तुझं हे आठ महिन्यांचं काम माझ्या जिभेपेक्षा मोठं आहे, ते मला कळतं. तेव्हा याला उत्तर लिहू नकोस. विमानाचं तिकीट आहे, मी जाते. गुरुवारी अकरा वाजता पार्कच्या त्या भल्यामोठ्या चंदेरी गोळ्याखाली मी उभी असेन, पिवळी टोपी घालून. बारापर्यंत थांबेन. तू आला नाहीस तर लेमुएलने बरोबर सांगितलं असं समजेन, एकटी आत जाईन आणि वा म्हणायला एखादी अनोळखी बाई गाठेन.

लोभाची काळजी करू नकोस. तो इकडे पडूनच असतो.

ताई

*

ओकाला
८ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस हे हॉलिसच्या तारेवजा निरोपावरून कळलं.

बाराला दहा कमी असताना आलो, त्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. मी साडेदहालाच पोचलो होतो. गाडीत बसून होतो, स्टिअरिंग धरून. मग दुरून ती टोपी दिसली. इतकी भयंकर टोपी एकटी आत जाऊ देणं बरं दिसलं नसतं.

तू भेटताच जाहीर केलंस की माझ्यासाठी तूही वाइनला शिवणार नाहीस. मीच तुला भरीस घातलं. सगळं चाखायचं ठरलं तर सगळं चाख, म्हणालो. तेव्हा फ्रान्सच्या दुकानात मी तुझ्यासाठी तो पेला घेतला. रांग संपते तिथपासून तू बसली होतीस त्या बाकापर्यंत पंधरा पावलं होती. ती मी मोजली. पेला तुझ्या हातात दिला आणि निघून गेलो आणि चाळीस मिनिटं आलो नाही. आल्यावर पोट बिघडलं म्हणालो. पोट ठीक होतं. प्रसाधनगृहामागच्या कठड्यावर बसून लेमुएलला फोन लावला होता. तो काही उपदेश करत नव्हता, त्याच्या कोंबड्यांबद्दल बोलत होता. पस्तीस मिनिटं कोंबड्या. मग मला चालता येऊ लागलं.

तू विचारलं नाहीस, म्हणून आपणहून सांगतोय.

दारात मिळालेली ती वही, जिच्यात दर दुकानाचं पान असतं आणि शिक्का मारून घेतात, ती माझ्याच खिशात राहिली. नंतर पाठवतो. १८ ला संध्याकाळी येतोय. मांगूर आणणार नाही.

लोभ आहे हे गुरुवारी पाहिलंच.

ड्वाइट

*

चिलिकॉथी
४ नोव्हेंबर

चि. ड्वाइट यास,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, हातावरून मांस काढलंय ना. तू इथे तीन आठवडे राहिलास, भांडी घासलीस, आयव्हीला गाडी धुवायला शिकवलंस. तेव्हा मला बोलता येत नव्हतं, आणि मनातलं पाटीवर लिहून द्यायचा धीर झाला नाही. किरणं निम्मी झाली. बोलते, पण तोंडात गोटी धरल्यासारखं. चव नाही. काल आयव्हीने स्ट्रॉबेरीचं सरबत केलं, मी छान म्हणाले. तिला कळलं.

एक गोष्ट मला छळते. त्या दिवशी तू चाळीस मिनिटांनी परत आलास. मी काही विचारलं नाही, हे तुला मोठेपणाचं वाटलं. तसं नव्हतं. संध्याकाळी गाड्यांपाशी निरोप घेताना मी तुला मिठी मारली ना, तेव्हा मी तुझ्या तोंडाचा वास घेतला. मुद्दाम. नाक तुझ्या गालाशी नेऊन. कोलंबी आणि लिंबाचा वास होता, बाकी काही नव्हतं. पाच-सहा दिवसांनी तुझं पत्र आलं, कोंबड्यांचं, आणि मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं. तू पंधरा पावलं मोजत होतास आणि मी तुला हुंगत होते.

मला माफ कर. लोभ ठेवण्याजोगी वाटले तर ठेव.

ताई

*

ओकाला
१० नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत ती वही पाठवतोय. शिक्के आहेतच, पण प्रत्येक पानावर तू खाताना जे बोललीस ते मी लिहून घेतलंय. तेव्हा फोनवर टिपत होतो, तुला वाटत होतं मी लेमुएलला निरोप धाडतोय. कॅनडाच्या चीज सुपाचं पान बघ: धूर आहे, आईच्या शेगडीसारखा, आणि मागून गोडसर, अरे हे बिअर घालतात यात, तू नको खाऊस! त्याखाली मी लिहिलंय की इथे ताई रडली, आणि मीठ बरोबर आहे म्हणाली. मोरोक्कोचं मटण: आधी दालचिनी, मग जर्दाळू, मग काहीतरी ज्याचं नाव येत नाही, थांब, परत एक घास. ग्रीसचं गोड: पहिलं पारितोषिक. फ्रान्सचा पेला: मी नव्हतो तेव्हा तू काय म्हणालीस ठाऊक नाही, ते पान कोरं आहे, तू भर.

एकंदर बावीस पानं. तू परीक्षक, मी कारकून. चव आली नाही तर यातलं रोज एक वाच. आली, तर पुढच्या सप्टेंबरला ताडून बघू. तेव्हा मुलंही आणू, आयव्हीच्या हातातला तो बूट मला परत घ्यायचाय.

आता मिठीचं. मला कळलं होतं, ताई. पंधरा वर्षं माझ्या तोंडाचा वास घेणारी माणसं मी पाहिलीत, ते नाक कसं जवळ येतं ते मला पाठ आहे. म्हणूनच मी तोंड वळवलं नाही आणि तुला लवकर सोडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी हुंगावं असं मला वाटत होतं.

माफी कसली मागतेस? थँक्सगिव्हिंगला येतोय. दारातच घे वास. दर वेळी घे.

तुझा,
ड्वाइट