हातातून सुटलेली खुर्ची

दि. १४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईच्या मनगटाची सूज उतरली. जेवण नीट आहे, आणि चष्मा सापडला नाही की माझ्यावर आळ घेते, म्हणजे तब्येत ठणठणीत. परवा तू विचारलंस, तिला बाहेर नेतेस ना? मी म्हटलं, गुडघे दुखतात तिचे. तिला चाकाच्या खुर्चीतून नेतो आपण, त्यात गुडघ्यांचा काय संबंध, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून लिहायला बसलेय.

आधी माझं सांगते. पाळीचं तंत्र पार बिघडलंय. दोन-दोन महिने पत्ता नाही, मग पंधरा दिवसांत दोनदा हजर. आमच्या छापखान्यातल्या वायरमनसारखी. मधूनच छातीतून गरम लाट उठते, कानशिलं तापतात, घामाने कपडे अंगाला चिकटतात, धडधडतं, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं शांत. आई त्याला भट्टी म्हणते. सत्तेचाळिशीत व्हायचंच, असं म्हणून बाकीच्या बायका विषय बदलतात.

पण माझं बाकीच्यांसारखं नाही ना. एकोणिसाव्या वर्षापासून इन्शुलिन टोचतेय. साखर उतरली की मला कशावरून कळायचं? घाम, धडधड, हातांची थरथर. अठ्ठावीस वर्षं ह्या खुणांनी मला वेळेवर सावध केलं. आता भट्टीच्याही त्याच खुणा. सुरुवातीला प्रत्येक लाटेला मी साखरेच्या गोळ्या चघळायचे. नंतर तपासावं तर आकडा चारशेच्या घरात. मग ठरवलं, इतकं भित्रं नाही व्हायचं. घाम आला की उभं राहायचं, जाईल आपोआप.

ताई, तुला सांगितलं तसं आईचं मनगट दारावर आपटलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येत होतो. त्या दिवशी छापखान्यात कागद कापायचं काम अंगावर आलं होतं. इन्शुलिन घेतलं, पण जेवणाचा डबा अर्धाच खाल्ला. वाचनालयाशेजारच्या उतारावर घाम फुटला. मी म्हटलं, "थांब गं जरा, भट्टी पेटली." गोळ्या पर्समध्ये होत्या. पर्स खांद्यावर होती. मी फक्त गळ्याशी एक बटण सोडलं आणि उभी राहिले. एवढं आठवतं.

पुढचं मला किल्ल्या बनवणाऱ्याने सांगितलं. उताराच्या तळाशी, रहदारीच्या रस्त्याच्या अलीकडे त्याचं टेबल असतं. खुर्ची एकटीच येताना दिसली तशी त्याने टेबल आडवं ढकललं. आई त्यावर आदळली, किल्ल्या रस्ताभर. चार पावलांवर बस जात होती. मी वर फुटपाथवर बसून काहीतरी पुटपुटत होते आणि लोक म्हणत होते, बाई प्यायलेली दिसते. आई त्या खुर्चीतून ओरडत होती, "तिला साखर द्या! आधी तिला साखर द्या!" कुणीतरी साखरपाणी पाजलं.

घरी आल्यावर आईनेच दाराची गोष्ट रचली. मी हो म्हटलं. तुझ्याशी खोटं बोलले, ते असं.

दुसऱ्या दिवशी माझ्या साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त रडू आलं. म्हणाल्या, पाळी जायच्या काळात साखर अशीच वर-खाली होते, आणि दोन्हींच्या खुणा सारख्या असतात. तेव्हा अंदाज करायचा नाही, दर वेळी मोजायचं. दंडावर एक बिल्ला चिकटवून दिलाय, साखर उतरली की मोबाईल वाजतो. इन्शुलिनचं माप बदललंय. भट्टीवरच्या औषधासाठी तपासण्या चालू आहेत. मालकांना सांगून मी कटिंग मशीन सोडलं, आता पुस्तकांच्या शिलाईच्या टेबलावर बसते. त्या पात्याखाली कागद सरकवताना हातांचा भरवसा वाटेना.

आणि ताई, बिल्ला आतापर्यंत पाच वेळा वाजला. त्यातल्या दोन वेळा मला काहीच झालेलं नव्हतं. घाम नाही, धडधड नाही. मी आरामात दोरा ओवत होते आणि आकडा बावन्न. तेव्हापासून पाचावर धारण बसलीये. माझंच अंग मला खरं सांगत नाही.

आई बाहेर यायला नाही म्हणते. घरातही खुर्ची ढकलायला गेले की तिचा हात ब्रेकवर जातो. मी बघते, ती बघते. मला वाटलं, तिला माझी भीती बसली. मी तिची मुलगी, आणि ती माझ्या हातांना भिते. हे तुला सांगायचं म्हणून मी तीन कागद फाडले.

काल शेवटी विचारलंच. म्हटलं, ताईकडे जायचंय का तुला? माझी भीती वाटते ना?

तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "मला पडायची भीती नाही गं. खुर्ची खाली निघाली तेव्हा माझी पाठ तुझ्याकडे होती. मला मागे वळून बघता येत नव्हतं. तू आहेस की गेलीस, तेच कळेना."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

आता तू काय करशील, ते मला माहीत नाही. तिला घेऊन जाशील ह्याची भीती वाटते, आणि नेणार नाहीस ह्याचीही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबू नकोस. आठ दिवस ये. तिघींनी मिळून ठरवू, तिला विचारून.

आणखी एक. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तुझंही हे सगळं होऊन गेलं असेल, किंवा चालू असेल. तू कधी बोलली नाहीस, मी कधी विचारलं नाही. तुला काय काय झालं, ते लिही. चांगलं-चांगलं तेवढंच लिहू नकोस.

बिल्ला वाजतोय. गोळ्या तोंडात टाकल्या, आकडा चढेपर्यंत अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे.

आकडा चढला. पत्र आत्ताच टाकून येते, नाहीतर हेही फाडीन.

खूप घाबरलेली,
तुझी धाकटी