पूनमचा जीवखडा

१२ जाने., सोम.
सोन्याला पिक्चरचा व्हिलन मिळाला. लग्नाची शूटिंग करून कंटाळला म्हणे, आता युट्यूबला हॉरर टाकणार. गोष्ट अशी, की गावात तिरडी बांधणारा एक म्हातारा असतो. तो आधी तिरडी बांधतो, मग माणूस मरतो. मी म्हटलं, यात बनवलंस काय? हे तर आपले किसनतात्या.
"तेच तर! मेकअपचा खर्च वाचला," म्हणतो.
मला पटलं नाही. पिंपळवंडीत कुणाचं काही झालं की माणूस तात्यांना बोलवायला निघतो, तर तात्या दारात बांबू घेऊन उभे. चुलत्यांच्या वेळी मी स्वतः पाहिलंय. डॉक्टर अजून नाडी बघत होता आणि हे अंगणात सुतळी सोडवत बसलेले.
हिरोईन पूनम. सोन्याला लगेच हो म्हणाली. मला दिवाळीपासून साध्या चहाला हो म्हणत नाही. काहीतरी चाललंय यांचं.

१५ जाने., गुरु.
कांद्याची खेप टाकली, पिकअप लावला आणि ना.गावात पूनमच्या मेडिकलवर गेलो. पू. काउंटरला. डोकं दुखतंय म्हणालो.
"रोज दुखतं व्हय रे? कालिजात असताना तर वापरत बी नव्हतास."
मागचं गिऱ्हाईक हसलं. मी फक्त वळून बघितलं त्याच्याकडं.
"हां, धर त्याची बी कॉलर. सरांची धरली तर कालिज सुटलं, आता माझं दुकान सुटू दे."
सोन्याचं विचारलं, तर म्हणे, "तुझ्या डोक्याला गोळी न्हाय, पाना लागंल." गोळी अंगावर फेकली. खाल्ली नाही. खिशात ठेवलीय.

१७ जाने., शनि.
तात्यांकडे गेलो तिघं. सोन्या म्हणाला, पाइपची हलकी तिरडी करू, वरून कापड टाकू. तात्या हसले.
"खोटी न्हाय बांधत मी. बांधली तर खरीच."
पू. ओट्यावर शेंगा खात होती. तात्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, आणि बांबू तोडला. माप नाही, काही नाही. सोन्याला म्हटलं, बघितलंस का? तो मोबाईलमध्ये.

१८ जाने., रवि.
शूटिंग. सगळं दिवसाउजेडी. बिबट्यापायी पाचनंतर नदीकडं थांबणार कोण? रात्र कम्प्युटरवर करू म्हणतो सोन्या.
पू. पांढरं नेसून तिरडीवर झोपली. पुढचा उजवा खांदा माझा, बाकी सोन्याचे भाऊ. "ए, नीट धर. मेलेली पडले तर डबल मरंन." तिचा आवाज माझ्या कानाशी. खोटं कशाला लिहू, रस्ता संपू नये वाटत होतं.
वडाखालच्या विसाव्याला खाली ठेवली, खांदे बदलले. सीन इथं संपत होता. पण तात्या वाकले. तिच्या कानात काहीतरी विचारलं. ती डोळे मिटूनच काहीतरी बोलली. मग तात्यांनी तिच्या उशाजवळचा एक दगड उचलला, लिंबाएवढा, आणि उपरण्याच्या टोकात गाठ मारून ठेवला. स्क्रिप्टमध्ये नव्हतं हे. सोन्या कॅमेऱ्यामागून ओरडतोय, "काय ॲक्टिंग राव!"
मी तात्यांना गाठलं. तिला काय विचारलं?
"नाव."
आणि दगड कशाला?
"जीवखडा. मयताचा जीव दहाव्यापातूर यात ऱ्हातो. मग पाण्यात सोडायचा. येवढं ठावं न्हाय व्हय तुला?"
"ती मेलेली नाय, तात्या."
"मग तिरडीवर कशापायी घातलीत?"
माझा हात उठला होता. सोन्यानं धरला.

२० जाने., मंगळ.
पू. कामावर नाही. कालही नव्हती. आधी सोन्याला एक ठेवून दिली, मग विचारलं. त्यालाही माहीत नाही.
तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, झोपूनच आहे, ताप नाही, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. माझा आवाज ऐकून पू.नं डोळे उघडले. मी कोण ते आठवायला तिला वेळ लागला. एरवी दारातनंच हाकलते.
सोन्याकडून फुटेज मागून घेतलं. तात्या वाकतात, ऐकू येतं, "नाव सांग बाय." तिचे ओठ हलतात. आवाज नाही. सोन्या म्हणतो माइक लांब होता. मग तात्यांचा कसा आला?

२३ जाने., शुक्र.
तात्यांच्या घरी गेलो. दार उघडं. ते पाठमोरे बसून पावटा सोलत होते. उपरणं खुंटीला. ठरवून गेलो होतो की सरळ भांडायचं, पण नजर त्या गाठीवर गेली. हळूच गाठ सोडली, खडा घेतला.
मागं न बघता म्हणाले, "गाठ पुन्यांदा मार. उपरणं लोंबतंय."
मारली. पळालो तो थेट पिकअपमध्ये.

२४ जाने., शनि.
सकाळी पू.चा फोन. मला. तिचा! "कुठाएस?" उठली, जेवली, कामावर निघाली. आई तिची रडतीय आनंदानं.
दुपारी पिकअपपाशी आली नि शेजारी बसली. कुठं जायचं विचारलं. "चल कुठंबी."
खडा शर्टाच्या खिशात होता. आज काही विचार करायचा नाही.

२६ जाने., सोम.
सुट्टी. पू.ला घेऊन घोडेगावला. म्हटलं मिसळ खाऊ, खाल्ली. म्हटलं सोन्याशी बोलू नकोस, तर माझ्यासमोर त्याचा नंबर उडवला. स्टँडवर एका जीपवाल्याशी माझं वाजलं, शर्ट फाटला. एरवी तिनं मलाच झोडलं असतं. ती कडेला उभी, हसरी, लग्नाच्या फोटोत नवरी उभी असते तशी.
मी विचारलं, "मी मूर्ख हाय का गं?"
"तू म्हणशील तसं."
मग खडा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि चहाला चल म्हणालो. येईना. हात धरून ओढलं तरी गाडीपासून हलेना. "मी हितंच बरी हाय."
घरी येऊन जेवलो नाही.

२९ जाने., गुरु.
बाजारात तात्या भेटले. स्वतःच थांबले.
"पोरगी लई शानी झालीया म्हणं."
दात पाडावे वाटले. म्हटलं, उपाय सांगा, नायतर इथंच आडवा करीन.
"त्यात काय? उचलला तिथं नेऊन ठिव. विसाव्याला. व्हती तशी उठंल."
"मग तुमीच का नाय ठेवला?"
"ठिवणारच व्हतो. तू घिऊन गेलास."
विश्वास कसा ठेवायचा? तिथं ठेवला आणि ह्यानंच परत उचलून नदीत टाकला तर? त्याला तेच हवं असणार. मी ठेवत नाही म्हणून गोड बोलतोय. माझ्याकडं आहे तोवर सुरक्षित तरी आहे.
आणि व्हती तशी म्हणजे? व्हती तशी म्हणजे मला गोळी फेकून मारणारी.

१ फेब्रु., रवि.
पू.ची आई घरी आली होती. आमच्या आईला म्हणते, "पोरगी तुमच्याच पोराच्या नावानं उठती बसती. बोलून टाकू या का?" आई लगेच चहा टाकायला. दिवाळीपासून हेच मागत होतो देवाकडं.
रात्री झोप नाही.

२ फेब्रु., सोम.
दुपारी गेलो विसाव्याला. खडा मुठीत. वाकलो, तेवढ्यात मागं चाहूल. पू. अनवाणी, मेडिकलचा ॲप्रन तसाच अंगात. ना.गावापासून चालत आली होती. पाय फुटलेले. कुणी सांगितलं तिला?
"ठेवू का?" विचारलं.
"तू म्हणशील तसं."
चेहरा तसाच हसरा. पण डोळ्यांतनं पाणी सारखं वाहत होतं. ती पुसत नव्हती. जसं काही ते तिचं नव्हतंच.
पलीकडच्या बांधावर तात्या बसलेले. हातात बांबू नाही, काही नाही. माझ्याकडं बघितलं आणि जरा सरकून, आपल्या धंद्यातल्याला करतात तशी, शेजारी जागा केली.
म्हटलं, उद्या ठेवू. तात्या नसताना. सोन्याला राखणीला बसवू, तो यायला तयार असेल तर.
पाच होत आले होते. पू.ला उचलून गाडीत बसवलं, घरी सोडलं. उतरताना तिनं माझा हात हातात घेतला. तिचा गार होता. मी सोडवून घेतला नाही.