अठरापर्यंतचा नवस

१७ नोव्हें., सोम. भिंगार, रूमवर
लहान मुलांच्या दवाखान्यातली शेवटची फेरी. भिंतीवर उंची मोजायचा जिराफ आहे, त्याच्या डोक्यावरून मी दोन वर्षांपूर्वीच गेलो. सातव्या वर्षी डायबेटिस झाला तेव्हापासून याच डॉक्टर मॅडम. नवीन डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, पाठीवर थाप मारली. आता मोठ्यांच्या दवाखान्यात, म्हणाल्या, इन्सुलिन तेच. रडू येत होतं, पण शेजारी एक चिमुरडी रक्त देताना गप्प बसली होती. तिच्यासमोर कसं रडणार.
आईला फोन. मॅडमकडचं संपलं म्हटल्यावर 'देवी पावली' म्हणाली आणि ठेवला.

१९, बुध.
घरून वडलांचा, अण्णांचा फोन. २८ ला घरी ये, आईनं पाच सवाष्णी जेवायला सांगितल्यात. पुरणपोळी. नवस फेडायचाय.
कसला नवस?
मी आजारी पडल्यापासून आई गोड खात नाही, हे घरच्या मांजरालाही माहीत. मला वाटायचं, माझ्या तोंडाला पाणी सुटू नये म्हणून. तर अण्णा सांगतात, बाईसाहेब देवीला बोलल्या होत्या, पोराची सुई सुटली की खाईन. मॅडम म्हणायच्या 'अठरापर्यंत माझ्याकडे'. मामाच्या पोराचा बाळदमा बाराव्या वर्षी गेला. आईनं दोन्हींची सांगड घातली, अठराला माझी सुई सुटणार. मॅडमनी पहिल्या दिवशी सगळं सांगितलं असणारच, पण त्या दिवशी तिच्या कानात काय शिरलं असेल.
अण्णांना म्हटलं, सुई सुटलेली नाही, तुम्ही सांगा तिला. "माज्यानं न्हाई व्हायचं. तूच सांग." छान.
मी तरी कसा सांगू. सोमवारी तिला नवीन डॉक्टरकडे नेतो, ते सांगतील.

२४, सोम.
बाकावर सगळे आजोबा-आज्या. एकांनी विचारलं, वडलांना आणलंय का? आई ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर माझी अकरा वर्षांची फाइल.
डॉक्टर चांगले वाटले. पण पहिलंच वाक्य, आता तू मोठा, आईंना बाहेर बसू दे, तुझं तू बोल. आई उठली, फाइल माझ्याकडे दिली, मागच्या वर्षी चक्कर आली ते लाल पेनानं लिहिलंय म्हणाली, आणि गेली. आत मी जेवण, सुया, सिगरेट, दारू सगळ्याची उत्तरं दिली. प्लॅन बोंबलला.
शेवटी स्टँडवर सांगितलं, तिची कर्जतची गाडी लागायच्या आधी. हे जन्मभराचं आहे, सुई बंद होत नसते. ती पिशवीचा बंद बांधत राहिली. मग म्हणाली,
"मग अकरा वर्सं मी काय मागत हुते रं?"
पाण्याची बाटली आणायला गेलो. शहाणा मुलगा.

२५, मंगळ.
प्रॅक्टिकलला लक्ष नाही. काय बोलायला हवं होतं ते आज सुचतंय. पहिली सुई मला टोचायच्या आधी तिनं स्वतःच्या मांडीत टोचून बघितली होती. चौथीपर्यंत मधल्या सुट्टीत, साखर उतरली तर म्हणून, बिस्किटाचा पुडा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी असायची. देवीनं काय केलं ते देवीला ठाऊक, मी धडधाकट आहे तो आईमुळे. हे सांगायला फोन लावला.
जेवलास का? जेवलो.
ठेवला.

२८, शुक्र.
वाटलं, जेवण रद्द केलं असेल. तर चुलीवर पुरण शिजतंय. सवाष्णी सांगितल्या त्या सांगितल्या.
गावात मी आजवर चारचौघांत सुई घेतली नाही, न्हाणीत जायचो. आज पंगतीतच शर्ट वर केला. पोळीसाठी इन्सुलिनची युनिटं मनात मोजली, घेतली. बाया बघत राहिल्या. शेजारच्या जिजीनं आईला विचारलं, पोरगं बरं झालं ना आता? अण्णा ताटात बघायला लागले. आई तूप वाढत होती, हात थांबला नाही.
"बरं न्हाई झालं, जिजी. मोठं झालं."
सगळ्यांचं झाल्यावर ती बसली. किती युनिटं घेतलीस, विचारलं. आजवर ती सांगायची, मी घ्यायचो. तिच्या ताटात पोळी मी वाढली. नको म्हणाली नाही. हातही लावला नाही. तेवढ्यात साडेचारच्या गाडीची वेळ झाली, निघालो.
नगरला उतरून फोन केला. खाल्लीस का?
म्हणाली, भांडी पडल्यात, तू आधी तुजी शुगर बघ.
बघितली. १४०, एकदम बरोबर. सांगायला परत लावला. उचलला नाही.